घर मोजायचे कशाने? बडोद्याच्या वेऱ्याची गोष्ट

बडोद्यातल्या घरवेऱ्याची, म्हणजे घरपट्टीची, गोष्ट सांगायला बडोद्यापासून सुरुवात करून भागत नाही. ती सुरू होते सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत. बार्शी नगरपालिकेने गिरण्या-कारखान्यांच्या इमारतींवर कर बसवताना सोपा मार्ग धरला होता. इमारतीचे क्षेत्रफळ मोजायचे, दर शंभर चौरस फुटांना वार्षिक भाड्याचा एक ठरावीक आकडा लावायचा आणि त्यावर कर आकारायचा. लोकमान्य मिलने याला हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६१ साली निकाल लागला तो गिरणीच्या बाजूने. कायदा भाडेमूल्यावर कर लावायला सांगतो, तेव्हा ही इमारत भाड्याने दिली तर किती भाडे येईल हे पाहिलेच पाहिजे. नुसती जागा मोजून आकडा ठोकून देता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. निकालातला दुसरा मुद्दा मला अधिक मोलाचा वाटतो. दर आधीच ठरवून टाकला, तर करदात्याने हरकत घ्यायची तरी कशावर? हरकतीचा हक्क कागदावर राहतो आणि हातात काहीच उरत नाही.

त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी बडोद्यातल्या घरांचा कर त्याच पद्धतीने, म्हणजे जागा मोजून, ठरू लागला, आणि तो कायदेशीर ठरला. १९६१ साली जे मोडीत निघाले ते २००३ साली नियम कसे झाले? या दोन टोकांमध्ये शहराचा अर्धा इतिहास आहे. आज बडोद्यात मिल्कत वेऱ्याचे (मालमत्ता कराचे) बिल हातात पडते, त्यातल्या जवळजवळ प्रत्येक रकान्यामागे कुणीतरी लढलेला एक खटला आहे.

घरावर कर ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. मराठी अमदानीत मोहतर्फा या नावाखाली घरे, दुकाने आणि कसबी माणसांचे धंदे यांवर कर बसत असे. पण शहरातल्या प्रत्येक घराची नोंद करायची, त्याचे भाडेमूल्य ठरवायचे आणि त्यावर दरसाल ठरलेल्या प्रमाणात पैसे घ्यायचे, हा शिरस्ता इंग्रजांबरोबर आला. त्याची मुळे १६०१ च्या इंग्लंडमधल्या गरिबांच्या कायद्यात आहेत. तिथे गावातल्या गरिबांच्या पोषणाचा खर्च घरे-जमिनी वापरणाऱ्यांवर वाटला जाई, आणि १८३६ च्या कायद्याने वाटणीचा पाया भाडे हाच ठरला. घरात मालक स्वतः राहत असला तरी त्याच्या जागी एक भाडेकरू कल्पायचा आणि तो वर्षाला किती देईल याचा अंदाज बांधायचा, अशी ती रीत होती. हा न दिसणारा भाडेकरू पुढे हिंदुस्थानातल्या प्रत्येक नगरपालिकेच्या दप्तरात येऊन बसला.

लोकांनी तो निमूटपणे मान्य केला असे मात्र नाही. १८१० साली कंपनी सरकारने बनारस आणि इतर शहरांत घरपट्टी लावली. राहत्या घराला वार्षिक भाड्याच्या ५ टक्के आणि दुकानाला १० टक्के असा तिचा दर होता. बनारसच्या लोकांनी दुकाने बंद केली, कामे थांबवली आणि हजारो माणसे धरणे धरून बसली. शेवटी सरकारला तो कर मागे घ्यावा लागला. आपल्या राहत्या घराला भाडे कल्पून त्यावर कर द्यायचा, ही गोष्ट त्यांना मुळातच अन्यायाची वाटत होती.

बडोदे तेव्हा गायकवाडांचे होते. १८७५ साली मल्हारराव पदच्युत झाले आणि नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा सयाजीराव म्हणून गादीवर आला. दिवाण सर टी. माधवराव यांनी महसुलाची घडी बसवायला घेतली. १८८१ अखेर महाराजांनी कारभार हाती घेतल्यानंतर एलियट साहेबांकडे जमिनीच्या पाहणीचे काम आले. हेच एलियट पूर्वी महाराजांचे शिक्षक होते. शेत मोजायचे, मातीची प्रत ठरवायची आणि त्यावरून सारा बसवायचा, अशी शिस्त राज्यभर आली. शहराला मात्र आधी मिळाल्या त्या सोयी. आजव्याचा सयाजी सरोवर तलाव जगन्नाथ सदाशिव हाटे या मराठी इंजिनिअरच्या देखरेखीखाली बांधला गेला आणि १८९२ साली शहराला नळाचे पाणी मिळाले. त्याआधी वाड्यातली विहीर आणि पोळेच्या (मोहल्ल्याच्या) तोंडाची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, हेच पाण्याचे ठिकाण होते. सयाजीबाग, न्यायमंदिर, मध्यवर्ती ग्रंथालय ही सगळी मोठी कामे राज्याच्या खजिन्यातून उभी राहिली. महाराजांच्या कारभाराच्या रौप्यमहोत्सवाच्या सुमारास, १९०६-०७ मध्ये, खंडेराव मार्केटची इमारत उभी राहिली. आज तिथे महानगरपालिकेची कचेरी आहे, आणि शहरातल्या प्रत्येक घराचा वेरो त्या छपराखालून ठरतो.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि शहराच्या पाठीशी असलेला राजाचा खजिना गेला. पाणी, गटारे, दिवे, सफाई यांचा खर्च आता शहराने स्वतः उभा करायचा होता. १९५० साली बडोद्याची महानगरपालिका झाली ती मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायदा, १९४९ या कायद्याखाली. पुणे आणि अहमदाबाद ही शहरेही त्याच कायद्याने, त्याच वर्षी महानगरपालिका झाली. आज पुण्याचा माणूस घरपट्टी म्हणतो आणि बडोद्याचा माणूस वेरो म्हणतो, पण दोघांचा मूळ कायदा एकच. गुजरात वेगळे झाल्यावरही बडोद्यात तोच चालला; फक्त नावातले मुंबई जाऊन पुढे गुजरात आले.

या कायद्याने बडोद्याच्या घरमालकाच्या दारात काय आणले, हे नीट पाहायला हवे. रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा या भागांतले जुने मराठी वाडे डोळ्यांपुढे आणा. रस्त्याच्या अंगाला दोन दुकाने, आत चौक, चौकात विहीर, मागच्या बाजूला भाडेकरूंच्या तीन खोल्या आणि माडीवर मालकाचे कुटुंब. पालिकेचा माणूस वही घेऊन येई. दुकानांच्या भाडेपावत्या पाही, खोल्यांचे भाडे विचारी. समजा, दुकाने प्रत्येकी महिना तीस रुपयांनी गेली आहेत आणि खोल्या प्रत्येकी दहा रुपयांनी. इथवर वाद नाही, कारण पावती समोर आहे. खरा प्रश्न माडीचा. तिथे मालक राहतो आणि भाडे कोणीच देत नाही. म्हणून इन्स्पेक्टर आजूबाजूच्या जागांकडे बघून अंदाज बांधणार. त्याने चाळीस रुपये धरले तर वाड्याचे महिन्याचे भाडे १३० रुपये, वर्षाचे १,५६०. कायद्याप्रमाणे दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा केले की करयोग्य मूल्य १,४०४ रुपये. सामान्य कराचा कायद्यातला किमान दर १२ टक्के, म्हणजे १६८ रुपये ४८ पैसे. त्याच इन्स्पेक्टरने माडीला साठ रुपये धरले तर हाच आकडा १९४ रुपये ४० पैसे होतो. वाड्यातली एक वीट हललेली नसते, तरी कर जवळजवळ सव्वीस रुपयांनी वाढतो. पगार शंभर-दीडशेच्या घरात असण्याच्या काळात ही रक्कम लहान नव्हती. जल कर आणि सफाई कर यांचा बोजा वेगळाच.

अंदाज जास्त झाला तर दाद मागायची सोय कायद्यात होती, आणि कागदावर ती चांगली होती. महापालिका आकारणीचे पुस्तक तयार करी आणि ते पाहायला खुले असल्याची जाहीर नोटीस काढी. घर प्रथमच पुस्तकात येत असेल किंवा त्याचे मूल्य वाढवले असेल, तर मालकाला वेगळी स्पेशल नोटीस जाई. हरकत घ्यायला किमान पंधरा दिवस मिळत. मग सुनावणी होई. तिथेही समाधान झाले नाही तर स्मॉल कॉज न्यायाधीशाकडे अपील, तेही पंधरा दिवसांत. ज्या माणसाने आयुष्यात एकदाच घर बांधले, त्याला हे पंधरा दिवस केव्हा आले आणि केव्हा गेले हे कळतही नसे.

अपिलाला पुढे आणखी एक कुलूप लागले. गुजरात विधानसभेने कायद्यात अट घातली की आकारलेला कर आधी भरा आणि मगच अपील ऐकले जाईल. गुजरात उच्च न्यायालयाला ती पटली नाही आणि त्याने ती रद्द केली. अनंत मिल्सच्या खटल्यात, १९७५ साली, सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा उभी केली. अपील हा कायद्याने दिलेला हक्क आहे, त्यामुळे कायदाच त्याला अट घालू शकतो. खरी अडचण असेल तर न्यायाधीश भरण्यातून सूट देऊ शकतो, असे त्याचे म्हणणे होते. कायद्याच्या भाषेत हे बरोबर असेल. ज्याला वाढलेला वेरो भरणेच जड जात होते, त्याच्यासाठी मात्र न्यायालयाची पायरी आणखी उंच झाली, असे माझे मत आहे. गिरणीला ती रक्कम आधी भरता येते, वाड्यातल्या निवृत्त कारकुनाला येत नाही.

आता पुन्हा त्या खटल्यांकडे येऊ, कारण पुढचे सगळे त्यांच्यातूनच घडले. बार्शीच्या निकालानंतर दोन वर्षांनी, १९६३ साली, अहमदाबादच्या मोकळ्या जमिनींचा प्रश्न आला. तिथल्या नगरपालिकेने अशा जमिनींवर त्यांच्या बाजारभावाच्या १ टक्का कर लावला होता. पटेल गोरधनदास हरगोविंददास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्या कायद्यात कराचा पाया भाडेमूल्य हाच आहे आणि किमतीवर कर बसवता येणार नाही. लगेच गुजरात सरकारने त्याच वर्षी कायदा करून अशा करांना मागील तारखेपासून वैधता दिली. बडोद्यापासून ऐंशी किलोमीटरच्या आत असलेल्या भरुचची नगरपालिका या वादात सापडली होती. श्री पृथ्वी कॉटन मिल्स विरुद्ध भरुच नगरपालिका हा १९६९ चा निकाल सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी दिला. विधिमंडळ जुन्या निकालावर नुसती रेघ मारू शकत नाही. पण निकालाचा पायाच बदलेल असा नवा कायदा ते करू शकते, हे त्यात ठरले. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल आजही वाचतात. त्यातला वाद मूळचा भरुचमधल्या घर-जमिनीच्या करावरचा होता, याची आठवण मात्र फार थोड्यांना असते.

याच दरम्यान, १९६७ साली, अहमदाबादच्या न्यू माणेकचौक गिरणीने जागा मोजून लावलेला कर पुन्हा एकदा हाणून पाडला. १९६८ साली केरळच्या इमारत कराचाही हाच निकाल लागला. केरळने कायदाच केला होता आणि त्यात क्षेत्रफळावर कर होता. तरीही तो गेला, कारण इमारत शहराच्या मध्यात आहे की आडगावात, पक्की आहे की साधी, कशासाठी वापरली जाते, याचा विचारच त्यात नव्हता. वेगवेगळ्या इमारतींना एकाच मापाने मोजणे म्हणजे समानतेचा भंग, असे न्यायालय म्हणाले. हा धडा लक्षात ठेवायला हवा. बार्शीचा निकाल सांगत होता की कायदा भाडे म्हणत असेल तर जागा मोजू नका. केरळचा निकाल सांगत होता की जागा मोजायची असेल तर सगळ्या जागा सारख्या धरू नका.

गिरण्या जिंकत होत्या, पण घरमालकाच्या दारात भाड्याचा अंदाज तसाच बसून होता. त्याला आता दुसरीकडून तडे जाऊ लागले. मुंबई राज्याचा १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा बडोद्यातही लागू होता. भाडेकरूकडून कायद्याने ठरवलेल्या प्रमाण भाड्यापेक्षा जास्त घेता येत नव्हते. मग कर कशावर लावायचा? बाजारात मिळू शकणाऱ्या भाड्यावर की कायद्याने गोठवलेल्या भाड्यावर? १९८० साली दिवाण दौलतराय कपूर खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी याचे उत्तर दिले. भगवती त्याआधी गुजरातचे मुख्य न्यायाधीश होते. कायद्याने ज्यापेक्षा जास्त भाडे घेताच येत नाही, त्यापेक्षा जास्त भाडेमूल्य महापालिकेलाही धरता येणार नाही, असे त्यांनी ठरवले. मालकाला हे न्यायाचे वाटले आणि ते होतेही. पण शहराच्या तिजोरीत पडणारी रक्कम त्याबरोबर गोठली. रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्याचा कर गोठलेल्या भाड्यावर, तर अलकापुरीत नव्याने बांधलेल्या तेवढ्याच आकाराच्या फ्लॅटचा कर नव्या भाड्यावर. एकाच शहरात, एकाच आकाराच्या दोन घरांत, करात कित्येक पटींचा फरक पडू लागला.

शहर तर वाढतच होते. १९०७ साली अलेंबिक कंपनी आली होती. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले. १९६५ साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली आणि १९६९ साली आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी स्थापन झाली. त्यांच्या मागोमाग कामगारांच्या वसाहती, सहकारी सोसायट्या आणि फ्लॅट आले. हरणी, मांजलपूर, गोत्री हे शहराबाहेरचे भाग शहरात मिसळले. हजारो घरांच्या भाड्याचा अंदाज माणसाने बांधायचा, आणि प्रत्येक अंदाजावर हरकत, सुनावणी, अपील. आपल्याच मजल्यावरच्या शेजाऱ्यापेक्षा आपला वेरो जास्त का, याचे उत्तर कोणालाच देता येत नव्हते. इन्स्पेक्टरच्या हाती एवढी मुखत्यारी देणाऱ्या व्यवस्थेत संशय वाढणारच होता.

वाट आधी पाटण्याने दाखवली. १९९३ साली तिथे शहराचे भाग, इमारतीचा वापर आणि बांधकामाचा प्रकार यांनुसार दर चौरस फुटाचे भाडे आधीच ठरवून देण्यात आले, आणि दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत मान्य केली. १९९९ साली गुजरातने मूळ कायद्यातच दुरुस्ती केली. महापालिकेला भाडेमूल्याऐवजी थेट कार्पेट एरियावर, म्हणजे भिंती सोडून आतल्या जागेवर, दर चौरस मीटरप्रमाणे कर बसवता येऊ लागला. अहमदाबादने ही पद्धत आधी घेतली, बडोद्यात ती २००३-०४ पासून आली.

दुरुस्तीचा मसुदा करणाऱ्यांनी जुने निकाल समोर ठेवले असावेत, असे कायदा वाचताना वाटते. बार्शीत कायदा भाडे म्हणत होता, म्हणून त्यांनी कायद्यातला पायाच बदलला. भरुचच्या निकालाने विधिमंडळाला दिलेला मार्ग तोच होता. केरळमध्ये सगळ्या इमारती सारख्या धरल्या गेल्या होत्या, म्हणून इथे दराला गुणायचे घटक आले. घर कुठल्या भागात आहे, इमारत कोणत्या प्रकारची आहे, किती जुनी आहे, तिच्यात मालक राहतो की भाडेकरू, आणि वापर राहण्यासाठी आहे की धंद्यासाठी. क्षेत्रफळ गुणिले दर गुणिले हे घटक, एवढाच हिशेब. घरमालक पहिल्यांदाच आपला वेरो आपल्या वहीत मांडू शकला.

माझ्या मते हा बडोद्याच्या घरमालकाचा खरा लाभ होता, आणि त्याचे श्रेय मोकळेपणाने द्यायला हवे. भाड्याचा अंदाज इन्स्पेक्टरच्या डोक्यात असतो, कार्पेट एरिया टेपने मोजता येतो. दोन भिंतींमधली जागा मोजायची असल्याने जुन्या वाड्याच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती हिशेबाबाहेर राहतात. वयाचा घटकही जुन्या घराच्या बाजूने उभा राहतो. हरकत घ्यायला आता भाड्याचा पुरावा शोधत फिरावे लागत नाही. मोजमाप चुकले, इमारतीचे वय चुकले किंवा वापर चुकीचा लिहिला गेला, हे कागदावर दाखवता येते. बार्शीच्या निकालाने ज्या हरकतीच्या हक्काची काळजी केली होती, तो या मार्गाने परत आला.

पण एका जागी हा हिशेब जुन्या शहरावर अन्याय करतो, आणि त्याबद्दल बडोद्यात पुरेसे बोलले जात नाही. भाडेकरू असेल तर कर वाढतो, कारण भाडे म्हणजे उत्पन्न, असा त्या घटकामागचा विचार आहे. नव्या सोसायटीतल्या फ्लॅटला तो लागू पडतो. पण दांडिया बाजारातल्या वाड्याच्या मागच्या खोल्यांत दोन पिढ्यांपूर्वी आलेला भाडेकरू नियंत्रित भाडे देत असेल, तर त्या भाड्यातून छपराची कौलेही बदलता येत नाहीत. जुन्या पद्धतीत निदान तेवढे भाडे पाहूनच कर लागत होता. नव्या पद्धतीत मालकाच्या हाती काय पडते हे कोणी विचारत नाही, भाडेकरू आहे एवढेच पाहिले जाते. जुन्या शहरातले वाडे पडत आहेत आणि त्यांच्या जागी दुकानांची संकुले उभी राहत आहेत, याला अनेक कारणे आहेत, हेही त्यांतले एक आहे. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे, म्हणून त्याच्या भिंतींवरची चित्रे आजही पाहायला मिळतात. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा तो वाडा. ज्या वाड्यांत कोणी दिवाण राहिला नाही, त्यांना असे संरक्षण कुठून मिळणार?

नोव्हेंबर २००७ मध्ये गुजरातने महानगरपालिकांतली जकात बंद केली. नाक्यावरच्या रांगा संपल्या, व्यापाऱ्यांना बरे वाटले, आणि शहराच्या स्वतःच्या उत्पन्नाचा भार मिल्कत वेऱ्यावर आला. राज्य सरकार भरपाई देते, पण ती दुसऱ्याच्या हातची. मार्च २०२२ मध्ये महानगरपालिकेने ७.१५ टक्के व्याजाने १०० कोटी रुपयांचे रोखे काढले. अशा वेळी कर्ज देणारा आधी शहराचे स्वतःचे उत्पन्न तपासतो. म्हणूनच आगाऊ वेरो भरणाऱ्याला रिबेट, थकबाकीदाराला व्याजमाफीची योजना आणि तरीही न भरणाऱ्या दुकानाला सील, हे आता बडोद्यात नित्याचे झाले आहे.

त्याआधी, २०२० साली, शहराच्या कडेची भायली, सेवासी, बिल, वेमाली, वडदला, करोडिया आणि उंडेरा ही गावे हद्दीत आली. गावकऱ्यांनी विरोध केला. वेरो आधी आणि पाण्याची लाईन नंतर, ही त्यांची भीती होती. मला ती रास्त वाटते. सयाजीरावांच्या काळात आधी आजव्याचे पाणी आले होते. हा क्रम लोकशाहीतल्या महापालिकेला पाळता येऊ नये, असे काही नाही.

भाडेमूल्याच्या एकाच मुळातून निघालेल्या शहरांनी पुढे तीन वाटा धरल्या. पुणे आजही भाडेमूल्याच्याच वाटेने चालते. मालक स्वतः राहत असेल तर तिथे १९७० पासून ४० टक्के सवलत होती; ती मधल्या काळात काढून घेतली गेली आणि लोकांच्या रेट्यानंतर २०२३ मध्ये परत मिळाली. मुंबईने २०१० पासून भांडवली मूल्यावर कर लावला, २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी दिली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या काही नियमांना बेकायदा ठरवले, कारण जमिनीवर पुढे काय बांधता येईल याचे मूल्य आजच धरले जात होते. बडोद्याने क्षेत्रफळ धरले. तिन्ही वाटांची तुलना करता सामान्य घरमालकाला स्वतः तपासता येणारी पद्धत बडोद्याचीच आहे, असे माझे ठाम मत आहे. नियंत्रित भाड्यातल्या जुन्या खोल्यांसाठी वेगळा घटक ठेवला, तर तिच्यावर बोट ठेवायला फारशी जागा उरणार नाही. महानगरपालिकेच्या सभेत हा प्रश्न मांडणे तिथल्या नगरसेवकांचे काम आहे, आणि त्यांना तो मांडायला लावणे मतदारांचे.

तोवर बडोद्यातल्या वाचकांना एवढेच सांगणे आहे. वेऱ्याचे बिल आले की रक्कम पाहून ड्रॉवरमध्ये टाकू नका. घरातल्या खोल्या एकदा टेपने मोजा आणि बिलातल्या क्षेत्रफळाशी ताडून पाहा. इमारतीचे वर्ष, मालक की भाडेकरू, राहते की दुकान, हे तीन रकाने वाचा. काही चुकले असेल तर बांधकामाच्या परवानगीचा कागद, वीजबिल आणि जुन्या वेऱ्याच्या पावत्या घेऊन नोटिशीतल्या मुदतीच्या आत आपल्या वॉर्ड ऑफिसात लेखी हरकत द्या आणि तिची पोच घ्या.